चुकलेली पाळी

अनुपमाचं उजाडायचं ते संध्याकाळी. मुलुंडला पश्चिमेकडे डोंगर आहेत. सूर्य त्यांच्यामागे जरा लवकरच जातो. गच्च्यांवर जांभळट उजेड पसरला की तिच्या डोक्यातलं धुकं हलायला लागायचं. आधी वास यायचे, कुणाच्या फोडणीचा, खालच्या बागेतल्या नुकत्याच शिंपलेल्या मातीचा. मग रंग यायचे, आणि सगळ्यात शेवटी शब्द. नऊच्या सुमाराला ती इतकी लख्ख जागी असायची की तिला स्वतःचंच नवल वाटे. अशी गमतीशीर, अशी तरतरीत बाई, आणि ती म्हणे मीच! पण हे नवल बघायला घरात कोणी जागं नसायचं. साडेनऊला घाड्यांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, घरातले दिवे मालवलेले असायचे.

आणि सकाळी ती पाण्याखाली असायची. पहाटे गजर व्हायचा, कारण लॅबमध्ये उजाडताच पोचायला लागे. रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी येतात, चिडलेली येतात, तिच्यासमोर बाही वर करतात. तिचे हात शिकलेले होते. ते पट्टा बांधत, शीर शोधत, सुई टोचत. ती मात्र कुठेतरी खोल बसून ते हात बघत राहायची, आणि माणसांचे आवाज वरून, लांबून यायचे.

त्या पाण्यात रोज एक विचार पोहत यायचा. सुरुवातीला तो अगदी बारीक होता, आज जागच आली नसती तर बरं झालं असतं, एवढाच. वर्षभरात तो चांगला पोसला. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, असं म्हणायला लागला. आणि हल्ली तो काही म्हणायचाही नाही. नुसता शेजारी येऊन बसायचा, आणि त्याचं नाव तिला ठाऊक होतं. मरून जावं, हेच ते नाव. दुपार झाली की तो विरघळायचा. संध्याकाळी तिला त्याची लाज वाटायची, म्हणून संध्याकाळची अनुपमा सकाळच्या अनुपमाबद्दल कुणाकडे बोलत नसे. आणि सकाळच्या अनुपमाला बोलताच येत नसे.

हे जयंतीबाईंना कुठून कळणार? त्या तिच्या सासूबाई. लवकर उठणाऱ्या माणसांना एक खोड असते. ती नुसती उठत नाहीत, उठल्याचं सांगत सुटतात. जयंतीबाई पहाटे साडेचारला उठायच्या आणि मग दिवसभर, येईल त्याला, भाजीवाल्यालासुद्धा, ते ऐकवायच्या. त्यांचा केरवारा, पूजा, नाश्ता उरकलेला असताना सून भिंतीला धरून बाथरूमकडे जाताना दिसे. त्या वाईट नव्हत्या हो. पण "सकाळचो वारो खाल्लो की माणसाक औषध लागणा नाय" अशी त्यांची ठाम समजूत, आणि आपण आजवर आजारी पडलो नाही हा त्यांचा पुरावा. ओळखीतून सकाळची ही नोकरी त्यांनीच तिला लावून दिली होती. त्याआधी, लग्नापूर्वी, अनुपमा जोगेश्वरीच्या माहेरून दुपारी कामाला निघायची, रात्री परतायची आणि चांगली हसतीखेळती होती. पण लग्न झालेल्या बाईने रात्री घरी यायचं, हे जयंतीबाईंना पटेना. "सकाळी जा, दुपारी घरी. झकास की नाय?" असं त्या म्हणाल्या, आणि अनुपमा हो म्हणाली. हो म्हणाली तीही संध्याकाळी, जेव्हा तिला सगळंच जमेल असं वाटायचं.

सासरे दशरथ घाडी कधीकाळी गिरणीत होते. गिरणी गेली, भोंगा गेला, पण भाषा काही जाईना. घरात बाथरूमला पहिला कोण जाणार, याला "पहिली पाळी कोणाची?" असंच विचारलं जाई. नितेश, म्हणजे अनुपमाचा नवरा, पवईच्या ऑफिसातून उशिरा आला की "आज डबल पाळी काय रे?" लग्न होऊन आल्यावर अनुपमाला आधी हसू यायचं, मग तीही तसंच बोलायला लागली. त्या घरात दिवसाचे तुकडे असेच पाडायचे असतात, असं तिने धरून घेतलं.

सगळं बिघडलं ते एका रविवारी. सकाळी विचार आला, नेहमीसारखा शेजारी बसला. दुपार झाली तरी बसलेलाच. डोंगरामागे सूर्य गेला, जांभळा उजेड पडला, फोडणीचे वास आले, आणि तो तिथेच. अनुपमा खिडकीत उभी राहून त्याच्या जाण्याची वाट बघत राहिली. तो गेला नाही. तेव्हा मात्र ती घाबरली. इतके दिवस संध्याकाळ तेवढी तिची होती. ती पण गेली तर मग उरतं काय?

सोमवारी पहाटे गजर झाला तेव्हा तिचं ठरलेलं होतं, आज सांगायचं. नितेश बूट चढवत होता.

"नितेश, मला ना सकाळी काहीतरी होतं रे. सगळं नकोसं होतं. म्हणजे खरंच नकोसं."

"अगं, सोमवार आहे यार. सोमवारी कुणाला हवंसं वाटतं?" तो हसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चहा घे कडक. बरं वाटेल." आणि गेला. प्रेमाने म्हणाला, हे तिला कळत होतं. प्रेमाने म्हटलेलंही कधी कधी कानाजवळून निघून जातं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. जयंतीबाई घावणे काढत होत्या. तव्यावरच्या वाफेत त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता, अर्धा नाही. अनुपमा ओट्याला टेकली. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. आई, मी वेगळ्या वेळेची माणूस आहे. मला या वेळेत कोंबलंय. मला यातून बाहेर काढा, नाहीतर माझं काही खरं नाही. पण पाण्याखालून वर येताना वाक्यं एकेक करून सुटत गेली, आणि तोंडापर्यंत पोचलं ते फक्त घरचं, सवयीचं.

"आई, माझी पाळी चुकलीय हो."

जयंतीबाईंच्या हातातला कालथा तव्यावर पडला.

"खरां सांगतंस?"

अनुपमाने मान हलवली.

"किती दिस झाले?"

"खूप. खूप दिवस झाले, आई. मला कुणाला सांगता येईना."

"आणि आता सांगतंस, येडा खुळा!" जयंतीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी पिठाच्या हातांनीच सुनेला जवळ ओढलं. त्या काय काय बोलत होत्या ते अनुपमाला नीट ऐकू येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते, डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, आणि तिला एवढंच कळलं की यांना कळलं. एका वाक्यात कळलं! कुणीतरी आपल्यासाठी रडतंय. तीही रडली, अगदी हमसून.

"आज कामार जाव नको. मी फोन करतंय तेंका. तू नीज गप," असं म्हणून त्यांनी तिला पलंगावर निजवलं, पडदे ओढले आणि पंखा मंद केला.

आणि अनुपमा झोपली. वर्षभरात झोपली नव्हती अशी झोपली. झोपेत तिला मनोरीची खाडी दिसली. लहानपणी एकदा तरीतून, प्रवाशांच्या होडीतून, गेली होती, त्याच तरीत आता ती एकटीच बसली होती, अख्खी खाडी आकाशाच्या रंगाची झालेली, आणि तरीला पलीकडे पोचायची काही घाई नव्हती. लांबून कुठून तरी जयंतीबाईंचा आवाज येत होता. त्या फोनवर कुणाला तरी काही सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा आनंदाने. झोपेतल्या अनुपमाला वाटलं, किती चांगली बाई आहे ही, माझ्यासाठी सगळ्या जगाशी बोलतेय.

ती जागी झाली तेव्हा संध्याकाळ होत होती. खोलीत जांभळा उजेड होता आणि बाहेर उदबत्तीचा वास. ती बाहेर आली. देव्हाऱ्यासमोर पाट मांडला होता. पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. दशरथराव धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून उभे. नितेश ऑफिसातून लवकर आला होता, हातात पेढ्यांचा पुडा, आणि चेहऱ्यावर असं हसू की तिने ते लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ये गो, ये," जयंतीबाईंनी तिला हाताला धरून पाटाजवळ उभं केलं. "गाऱ्हाणा घालूचा हा."

गाऱ्हाणं म्हणजे घाड्यांचा हातखंडा. कुडाळकडच्या त्यांच्या गावात पिढ्यान् पिढ्या देवापुढे उभं राहून गावाचं म्हणणं मांडायचं काम याच घराण्याचं. एकाने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. होकार भरला की ते म्हणणं सगळ्यांचं होतं. दशरथरावांनी घसा खाकरला आणि त्यांचा एरवीचा पडका आवाज एकदम खणखणीत झाला.

"बा देवा म्हाराजा! रवळनाथा! सातेरी माउली!"

"व्हय म्हाराजा!" जयंतीबाई आणि नितेश म्हणाले.

"आज ह्या तुझ्या लेकरांनी हो नारळ तुझ्या म्होरे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरात जो नवो जीव येऊ घातलो आसा, तेच्या वाटेत काय इडापिडा, काय वाकडा-नडा आसात, ता बारा वाटेन धाडून दी, म्हाराजा!"

"व्हय..." असं सगळे म्हणाले आणि तिच्याकडे बघत थांबले. होकार होणाऱ्या आईनेही भरायचा असतो.

नवो जीव. अनुपमाने नारळाकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, सासूबाईंच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिला सकाळचं आपलंच वाक्य ऐकू आलं, आणि या वेळी ते त्यांच्या कानांनी ऐकू आलं. आता हो म्हणावं, नंतर काहीतरी सांगावं, असंही एक क्षण मनात आलं. पण नंतर म्हणजे सकाळ. आणि सकाळी तिला तोंड नव्हतं. जे काही बोलायचं ते याच उजेडात.

"बाबा, थांबा."

गाऱ्हाणं मधेच कोणी तोडत नाही. दशरथरावांचे हात जोडलेलेच राहिले.

"नवा जीव नाहीये, बाबा. तसली पाळी नाही चुकली. मी माझ्या... माझ्या वेळेचं म्हणत होते. मी सकाळची माणूसच नाही. सकाळी मला जगावंसं वाटत नाही. रोज मनात येतं, मरून जावं. वर्ष झालं. काल तर संध्याकाळीपण तेच येत होतं." शब्द एकेक नीट येत होते. "गाऱ्हाणं घालायचंच असेल तर माझ्याच जिवाचं घाला. तो जाऊ बघतोय."

नितेशने पेढ्यांचा पुडा हळूच टीव्हीशेजारी ठेवला, जणू त्याचा आवाज होऊ नये.

पहिल्या बोलल्या त्या जयंतीबाई. "मगे सकाळी माका काय सांगलंस तू?"

"हेच सांगत होते, आई. एवढंच बाहेर आलं."

"मी गावाक फोन केलंय! समद्यांका सांगलंय!" त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या मटकन खुर्चीत बसल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती बाई आजी झाली होती, आणि आता नव्हती. हे दुःख काही खोटं नव्हतं. अनुपमाला ते दिसलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जयंतीबाईंचा आवाज पुढच्या वाक्याला खाली आला. "मराचा वाटता? तुका? आमच्यात ऱ्हवान?"

"तुमच्यामुळे नाही हो, आई. सकाळमुळे."

"तू मला का नाही सांगितलंस?" नितेशने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आजची सकाळ, बूट आणि कडक चहा आठवला असावा. तो येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

दशरथराव अजून हात जोडून उभे होते. तोडलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही, आणि पुढे काय म्हणायचं हे पिढ्यान् पिढ्यांत कोणी शिकवलेलं नव्हतं. मग ते आधीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा. माझा जरा सांगूक चुकला. जीव नवो नाय. हयसर आसा तोच. ह्या आमचा चेडू, आमची लेक. सकाळचा तेका जगाक नको वाटता. आमी एका घरात आसान आमका कळूक नाय. तेचो जीव तू राख, म्हाराजा, आणि आमका जरा कान दी."

होकार भरायची वेळ आली. जयंतीबाईंनी पदराने नाक पुसलं.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नितेश तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. जयंतीबाई न सांगता रिक्षात बसल्या. डॉक्टर रुचिका वयाने अनुपमाएवढ्याच असतील. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का, कधी येतं, काही ठरवलंय का. इतकं सरळ कोणी विचारेल असं अनुपमाला वाटलं नव्हतं. विचारल्यावर सांगणं सोपं गेलं.

"शरीराचं घड्याळ सगळ्यांचं सारखं लावलेलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "काहींचं पुढे, काहींचं मागे. तो आळसही नाही आणि गुणही नाही. पण ज्यांचं मागे असतं, त्यांच्यात खिन्नता जास्त दिसते, आणि असे विचारही. का, ते सगळं आम्हाला अजून उमगलेलं नाही. पण रोज अर्धवट झोप, रोज उलटी वेळ, आणि वर लोकांचे टोमणे. माणूस खचेल नाहीतर काय होईल?"

"टोमणे मी मारतंय," जयंतीबाई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, आठवड्याने परत बोलावलं, झोपेच्या वेळा हळूहळू सरळ कशा करायच्या ते समजावलं. लॅबमध्ये सांगून काम दुपारचं करून घ्या म्हणाल्या. ते करून मिळेपर्यंत रजा. नुसती वेळ बदलून सगळं बरं होईल असं समजू नका, हेही म्हणाल्या. आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "औषधाचा गुण यायला थोडे दिवस लागतील. तोवर सकाळची वेळ हिला एकटीला ठेवू नका. कुणीतरी नुसतं जवळ असू दे."

पुढची सकाळ आली. गजर नव्हता, तरी जाग आलीच. नितेश उशिरा जाईन म्हणत होता, पण जयंतीबाईंनी त्याला पिटाळलं. मग त्या आत आल्या. हातात भिजवलेल्या वालांचं भांडं, सोलायला. पलंगाच्या कडेला बसल्या. दोन वाल सोलले. मग भांड्याकडे बघितलं, मग सुनेकडे. डॉक्टर 'नुसतं जवळ' म्हणाल्या होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. त्या हातांना ते मुळीच जमत नव्हतं.

"आई, तुम्ही तुमची कामं करा. मी ठीक आहे."

"कामा जाऊंदेत खड्ड्यात," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आता पण येता मनात?"

"हो."

"येवंदे. मी हय आसंय."

असं म्हणून त्या सरळ तिच्या शेजारी आडव्या झाल्या. साडी सावरली, उशी अर्धी ओढून घेतली, आणि अनुपमाचं मनगट मुठीत धरलं, गर्दीत लहान मुलाचं धरतात तसं. पडद्याच्या फटीतून ऊन भिंतीवर आलं होतं. वर, पाण्याच्या वर, दिवस सुरू झाला होता. खाली दोघी होत्या. थोड्या वेळाने शेजारचा श्वास संथ झाला, आणि मग चक्क घोरायला लागला. जयंती घाडी, भर सकाळी, ऊन भिंतीवर आलेलं असताना, झोपल्या होत्या.

दूधवाल्याने बेल वाजवली. कोणी उठलं नाही. दशरथराव चहासाठी दारात आले, आत बघितलं, आणि चवड्यावर चालत मागे फिरले. मग स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा मोठा आवाज झाला आणि पुन्हा शांत झालं. विचार नेहमीच्या जागी येऊन बसला होता. अनुपमाने हात हळूच सोडवायला बघितला. झोपेतल्या त्या मुठीने तो आणखी घट्ट धरला. तिने परत ओढला नाही, न जाणो, जाग यायची.

आई उठेपर्यंत आता आपल्याला कुठेही जाता येणार नव्हतं.